माणशी १३५ लिटर

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचे विषय वाटले जातात तेव्हा वर्गाची खरी उतरंड कळते. हुशार पोरं स्ट्रक्चर घेतात. पंधरा मजल्यांची इमारत, भूकंप, सॉफ्टवेअरमधून निघालेली रंगीत चित्रं. ज्यांच्या मामाचं कंत्राट चालू असतं ते रस्त्यांकडं वळतात, कारण डांबराच्या टेस्टा मामाच्या साइटवर आयत्या होतात. काँक्रीटमध्ये काहीतरी मिसळून क्यूब फोडणाऱ्यांचा तर मोठा संप्रदायच आहे. राख, करवंटी, काचेचा चुरा, हाताला लागेल ते मिसळायचं आणि २८ दिवसांनी फोडायचं. हे सगळं वाटून झालं की जे उरतात त्यांना पर्यावरण मिळतं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये लातूरजवळच्या एका कॉलेजात असे पाच जण उरले होते. त्यांत मी होतो.

पर्यावरण म्हणजे झाडं, पक्षी, निदान एखादी सहल तरी निघेल, असा माझा समज होता. सरांनी विषय सांगितला : मुलांच्या हॉस्टेलसाठी सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं संपूर्ण डिझाइन. विजेशिवाय चालणारं, स्वस्त, आणि शुद्ध झालेलं पाणी पुन्हा संडासात वापरता येईल असं. ज्या गावात बादलीभर पाण्यावरून भांडणं लागत होती तिथं आम्ही शुद्ध करायला घाण पाणी शोधणार होतो. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती, मांजरा धरण तळाला गेलं होतं आणि नळाला पाणी कधी येईल हे नगरसेवकालाही सांगता येत नव्हतं.

गटाची ओळख करून देतो. टॉपर नावाप्रमाणेच टॉपर होती, आणि तिनं हा विषय मागून घेतला होता. हा तिच्या स्वभावातला दोष आहे असं आमचं मत होतं. ती गावातच राहायची, त्यामुळं घरी पाणी भरून कॉलेजला यायची. दुसरा कॅडवाला. त्याला ऑटोकॅड यायचं, आणि ऑटोकॅडमध्ये न बसणारी गोष्ट जगात नसतेच असं तो धरून चालायचा. तिसरा सेंट्रिंग. त्याच्या वडिलांचं सेंट्रिंगचं काम होतं, म्हणून खडी, वाळू, पत्रा, तार, जे लागेल ते त्याच्याकडून यायचं. पाचवा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. त्याचं वर्णन यापुढं जात नाही, म्हणून मी त्याला पाचवाच म्हणतो. आणि लीडर मी, कारण मोटारसायकल माझ्याकडं होती.

ऑगस्ट ते फेब्रुवारी आम्ही डिझाइन केलं. मार्चमध्ये मोजायला निघालो. हा क्रम उलटा आहे असं आता मला कुणी सांगू नये. इंजिनिअरिंगच्या पोरांना आकडे पुस्तकात मिळतात, आणि पुस्तक खोलीत असतं.

केंद्र सरकारचं एक मॅन्युअल आहे, सीपीएचईईओचं. सांडपाण्याच्या धंद्यातल्या माणसाला ते पोथीच्या जागी. त्यात लिहिलंय की मलनिःसारण व्यवस्था असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरावं, आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं असं समजावं. हॉस्टेलात २४० पोरं. २४० गुणिले १३५, गुणिले ०.८ : जवळजवळ २६ हजार लिटर. हा आकडा निघाला तेव्हा मला विलक्षण समाधान वाटलं. मी स्वतः त्या हॉस्टेलात राहत होतो, त्या आठवड्यात अंघोळ करून मला तीन दिवस झाले होते, आणि माझ्या नावावर मी रोज १३५ लिटर मांडत होतो. या दोन गोष्टींची गाठ माझ्या डोक्यात पडली नाही.

मग पद्धत ठरवायची. टॉपरनं पर्याय वाचून काढले. आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ साली मँचेस्टरला गाळात हवा सोडून सांडपाणी स्वच्छ करायची युक्ती जगापुढं मांडली. आजही बहुतेक मोठे प्लँट तिच्याच लेकीसुनांवर चालतात. पण त्याला ब्लोअर लागतो, वीज लागते आणि मुख्य म्हणजे ब्लोअरचं गणित लागतं. म्हणून आम्ही वनस्पतींची पद्धत निवडली. खडी-वाळूचा वाफा, त्यात कर्दळ किंवा पाणकणीस, खालून सांडपाणी सरकत जातं, मुळांपाशी आणि खडीवर वाढणारे जिवाणू घाण खातात. जर्मनीत केटे झायडेल या बाईंनी १९५० च्या दशकात यावर प्रयोग केले, असं आमच्या रिपोर्टच्या दुसऱ्या प्रकरणात होतं. आमच्या आईच्या परसात मोरीच्या तोंडाशी कर्दळ आणि आळू आधीपासूनच होतं, ते कुठल्याच प्रकरणात नव्हतं. फोनवर तिला प्रोजेक्ट समजावून सांगितला तर म्हणाली, "मग ह्याला चार वर्षांची फी कशाला भरायला लावली?"

वाफ्याला जागा किती लागते याचं सूत्र आहे. त्यात २६ घनमीटर पाणी घातलं, येणाऱ्या पाण्याचा बीओडी, म्हणजे घाणीचं माप, २०० आणि जाणाऱ्याचा ३० धरला. उत्तर आलं सुमारे ४९० चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. हॉस्टेलच्या मागची मोकळी जागा एक गुंठाही नव्हती, आणि तीत पोरांच्या गाड्या, एक मोडकी टाकी आणि कपड्यांच्या दोऱ्या होत्या. पलीकडं हॉस्टेलमालकाचं राहतं घर होतं. आमचं कॉलेज गावाबाहेर, पण हॉस्टेल गावात भाड्याच्या इमारतीत होतं. मी हबकलो. कॅडवाला हबकला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं शीट आणून दाखवली. पाच गुंठ्यांचा हिरवागार वाफा नीट बसला होता.

"आणि मालकाचं घर?"

"लेयर ऑफ केलाय."

सरांनी ती शीट बघितली, मान हलवली आणि विचारलं, "फील्ड डेटा कुठाय?" त्या एका प्रश्नापायी आमचा मार्च महिना गटारापाशी गेला.

नियम असा की एका वेळी बाटली भरून आणली तर तो नमुना खरा नाही. दिवसभर, तासातासाला घ्यायचं, प्रवाह किती आहे ते मोजायचं आणि त्या प्रमाणात सगळे नमुने एकत्र करायचे. लेक्चर बुडू नयेत म्हणून आम्ही रविवार धरला. रविवारी हॉस्टेलात काय असतं हे हॉस्टेलात राहिलेल्याला सांगायला नको. दुपारी फीस्ट. पुरी, बटाट्याची भाजी, तळलेले पापड, गुलाबजाम. संध्याकाळी मेस बंद. भांडी घासायला पाणी नको म्हणून मेसवाल्यानं त्या वर्षी पत्रावळी आणल्या होत्या, तेव्हा गटारात यायचं ते फक्त कढया आणि पातेल्यांचं. त्यावर इतकं तेल होतं की प्रवाह मोजायच्या बादलीला आतून चकाकी आली. पुढं ती बादली अंघोळीला कुणी घेईना.

प्रवाह मोजायची आमची पद्धत साधी होती. शेवटच्या चेंबरमध्ये बादली धरायची आणि मोबाइलवर वेळ लावायची. रात्री दोन ते पाच बादलीत काहीच पडलं नाही. चेंबरच्या भोवती चार प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून आम्ही त्या कोरड्या पाइपाकडं बघत बसलो होतो. एक पोरगा लघवीला उठला, आम्हाला बघून थबकला आणि हळूच म्हणाला, "कोण गेलं बे?"

सकाळीही पाणी नाही. साडेअकराला टँकर आला आणि कयामत झाली. २४० पोरं एकदम बादल्या घेऊन सुटली. अंघोळी, आठवड्याचे कपडे, मेसच्या कढया, सगळं तीन-चार तासांत. बादली धरलेला सेंट्रिंग पहिल्या मिनिटातच कोपरापर्यंत भिजला. नंतर पुन्हा शांतता. हिशेब केला तेव्हा दिवसभरात सात हजार लिटर आलं होतं. टँकरच दहा हजारांचा, म्हणजे माणशी चाळीसएक लिटर, त्यातलं काही प्यायला, काही स्वयंपाकाला, काही कूलरमध्ये चोरून. २६ हजारांच्या प्लँटला सात हजार. आणि सरासरीच्या मानानं सगळ्यात जास्त प्रवाह किती, ज्याला पीक फॅक्टर म्हणतात, तो आला सात.

मॅन्युअलमध्ये एवढ्या वस्तीसाठी तीन आहे. सर म्हणाले, "तीनच्या वर नसतो. परत मोजा." परत मोजायचं तर परत रात्र काढावी लागली असती. मी रिपोर्टमध्ये तीन लिहिलं. वास्तविक आमच्या हॉस्टेलची गटारं कुठल्याही लोकसंख्येवर चालत नव्हती, टँकरच्या ड्रायव्हरवर चालत होती. तो जेवायला थांबला की गटाराचा आलेख सपाट. टॉपरनं सातच्या आकड्याचा कागद फाडू दिला नाही. तिनं टँकरच्या वेळांसकट तो परिशिष्टात चिकटवला. परिशिष्ट कुणी वाचत नाही, म्हणून मी विरोध केला नाही.

नमुना प्रयोगशाळेपर्यंत थंड ठेवावा लागतो, चार अंशांच्या आसपास, नाहीतर जिवाणू वाटेतच जेवायला बसतात. सोमवारी सकाळी थर्माकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात सांडपाण्याचे दोन कॅन, डबा माझ्या गाडीवर मागं बसलेल्या कॅडवाल्याच्या मांडीवर. बर्फात न मावलेला तिसरा कॅन हँडलला. त्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. १४४ कलम, पाण्यासाठी. गावात कॅन घेऊन निघालेल्या माणसाकडं सगळे वेगळ्या नजरेनं बघत. एका कोपऱ्यावर रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या आजींनी हाक मारली, "लेकरा, कुठं सुटलंय पाणी?" मी थांबून काय सांगणार! पुढच्या चौकात पोलिसानं हात केला.

"काय हाय कॅनमधी?"

"सांडपाणी, साहेब. हॉस्टेलचं."

"गटारीचं?" त्यानं थर्माकोलचं झाकण उचललं. "आन् बर्फात घालून न्यायलाव?"

मी प्रोजेक्ट समजावून सांगू लागलो. त्याचा विश्वास बसेना. त्यानं हँडलचा कॅन उघडायला लावला आणि नाक जवळ नेलं. रविवारच्या फीस्टचं पाणी रात्रभर मुरलं होतं. तो दोन पावलं मागं सरला, रुमाल काढला आणि बराच वेळ माझ्याकडं नुसता बघत राहिला. शेवटी म्हणाला, "आईबाप काय करतेत?" म्हटलं, शेती. "जा," तो म्हणाला, "आन् झाकण घट लाव."

आता बीओडी. सांडपाण्यात किती घाण आहे हे थेट मोजत नाहीत. ती घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते मोजतात. इंग्रजांनी त्यासाठी पाच दिवस ठरवले. १९१२ च्या त्यांच्या रॉयल कमिशनच्या अहवालापासून हा पाचाचा आकडा चिकटला. इंग्लंडातल्या नदीचं पाणी समुद्राला मिळायला पाचापेक्षा जास्त दिवस लागत नाहीत, म्हणून पाच, असं सांगतात. मांजरेचं पाणी त्या वर्षी पाच महिन्यांतही कुठं पोचलं नसतं. आपल्याकडं २७ अंशांना तीन दिवस अशी पद्धत आहे. बाहेर ४१ असताना तो २७ अंशांचा इनक्युबेटर म्हणजे कॉलेजातली सर्वांत सुखाची जागा होती. त्याचं दार आम्ही गरजेपेक्षा जास्त वेळा उघडायचो.

सांडपाणी जसंच्या तसं बाटलीत भरत नाहीत, पातळ करून भरतात. ३०० मिलीच्या बाटलीत नमुना किती घालायचा याचा तक्ता असतो. बीओडी २०० येणार हे मी आधीच ठरवलेलं असल्यामुळं तक्त्यात २०० समोरचा आकडा बघितला आणि १० मिली घातले. तीन दिवसांनी बाटल्या काढल्या. त्यात मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कली-आयोडाइड. हंगेरीच्या विंकलरनं १८८८ मध्ये शोधलेली ही रीत अजून चालते. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. आमच्या बाटल्यांत पांढराशुभ्र साका बसला. मला तो फार आवडला. तपकिरी म्हणजे घाण, पांढरं म्हणजे स्वच्छ, एवढं रसायनशास्त्र मला येत होतं. पुढं आम्ल घातलं, स्टार्च घातला, निळा रंग यायला हवा होता तो आला नाही. ब्युरेटची तोटी उघडायच्या आधीच टायट्रेशन संपलं होतं.

सुरुवातीचा ऑक्सिजन ७.५, शेवटचा शून्य. फरक ७.५, गुणिले ३०. बीओडी २२५. सगळ्या बाटल्यांत २२५! एकाही बाटलीत इकडंतिकडं नाही. आम्ही २०० धरले होते आणि आले २२५. मी त्या दिवशी गटाला चहा पाजला. रिपोर्टमध्ये वाक्य लिहिलं की प्रत्यक्ष मोजमाप गृहीतकाशी उत्तम जुळते.

टॉपर चहा प्यायली नाही. ती म्हणाली, "अरे, ऑक्सिजन संपला बाटलीतला. भुकेल्या माणसापुढं एकच भाकर ठेवली, त्यानं ती खाल्ली, आणि तू लिहिलंस की भूक एका भाकरीची होती."

मी म्हटलं, सगळ्या बाटल्यांत सारखंच कसं आलं मग? ती म्हणाली, सगळ्यांना एकेकच भाकर दिलीस म्हणून. तिनं एकटीनं पुन्हा बाटल्या लावल्या, या वेळी फक्त १ मिलीच्या. या बाटल्यांत तपकिरी साका बसला. बीओडी हजाराच्या पुढं गेला. आणि तो तसाच असायला हवा होता. पाणी कमी मिळतं म्हणून माणूस घाण कमी करत नाही. तेच पोट, तीच पुरी, फक्त ती वाहून न्यायला चौथ्या हिश्श्याचं पाणी. मॅन्युअलमधली घाण पातळ असते, दुष्काळातली दाट. हे तिनं मला अर्धा तास समजावलं. मी लीडर असल्यामुळं निर्णय घेतला : २२५ मुख्य रिपोर्टात, हजार परिशिष्टात.

याच सुमारास हॉस्टेलच्या मागं आमचा पायलट प्लँटही उभा राहिला होता. सेंट्रिंगनं दोनशे लिटरचं प्लास्टिकचं टिपाड आणून उभं चिरलं. अर्ध्या टिपाडात खाली मोठी खडी, वर बारीक, त्यावर वाळू, वाळूत कर्दळ. रोज संध्याकाळी चेंबरमधून ४० लिटर काढून वरच्या पिंपात ओतायचं, त्याची तोटी बारीक सोडायची आणि सकाळी खालच्या कॅनमध्ये किती उतरलं ते मोजायचं. पहिले काही दिवस पस्तीसएक उतरलं. एप्रिल लागला तसं कमी होऊ लागलं. वीस, बारा, शेवटी पाच लिटर.

मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला, कारण सर म्हणाले होते की प्रोजेक्टमध्ये काहीतरी नावीन्य पाहिजे. मी बाष्पोत्सर्जनावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं, पंधरा पानांचं, आलेखांसकट. मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात कर्दळ कशी जोमानं पाणी हवेत सोडते, म्हणून शून्य विसर्ग प्रकल्प कसा शक्य आहे, वगैरे. टॉपर म्हणाली, "इतकं उडत नाही." मी तिला कर्दळीची पानं दाखवली. पानं खरोखर तरारलेली होती.

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली. आम्ही गाडी बघायला गेलो नाही, पण वर्गात दुसरा विषय नव्हता. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टॉपरनं वहीच्या मागं हिशेब केला. २०११ च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या तीन लाख ८२ हजार. माणशी १३५ धरले तर रोज पाच कोटी लिटरच्या वर. गाडीतून आलं शंभरातलं एक. माणशी सव्वा-दीड लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, म्हणजे पाच टक्के. तिनं ती वही माझ्यापुढं सरकवली, काही बोलली नाही. मी तेव्हा रिपोर्टच्या पानांना मार्जिन टाकत होतो. हार्ड बाइंडिंगसाठी डावीकडं दीड इंच सोडावं लागतं.

मे महिन्यात व्हायव्हा. एक्स्टर्नल म्हणून आलेले गृहस्थ वयस्कर होते, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. एसी नसलेल्या खोलीत घामानं रिपोर्टवरच्या सोनेरी अक्षरांचा रंग माझ्या बोटांना लागला होता. त्यांनी रिपोर्ट मागून उघडला. मागून! परिशिष्टावरून सावकाश बोट फिरवत ते म्हणाले, "हा पीक फॅक्टर सात कुणी काढला?" मी टॉपरकडं बोट दाखवलं, जबाबदारी झटकायला. ते तिला म्हणाले, "बरोबर आहे. टँकरवर जगणाऱ्या वस्तीत असाच येणार." मग रिपोर्टात पुढं येऊन विचारलं, "मग इथं तीन कसा?" कॅडवाल्यानं माझ्याकडं बघितलं, सेंट्रिंगनं माझ्याकडं बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

त्यानंतर त्यांनी माझं बाष्पोत्सर्जनाचं प्रकरण काढलं आणि खिशातलं एक पेन. "आत ४०, बाहेर ५. म्हणजे ३५ लिटर उडाले. टिपाडाचं तोंड किती? अर्धा चौरस मीटर? म्हणजे दिवसाला ७० मिलिमीटर." ते थांबले. "भर उन्हाळ्यात उघड्या भांड्यातून दहा-पंधरा मिलिमीटर पाणी उडतं. वनस्पतीचं म्हणून आणखी थोडं धरू. ही कर्दळ आहे का एक्झॉस्ट फॅन?"

खोलीत कुणी हसलं नाही. मी तापमान, वारा, पानांचं क्षेत्रफळ असं काहीतरी बोललो. ते ऐकत होते. मग त्यांनी विषय बदलला आणि एकेकाला त्याचं काम विचारलं. टॉपरनं प्रयोग सांगितले. कॅडवाल्यानं ड्रॉइंग सांगितलं. सेंट्रिंगनं मॉडेल. मी म्हटलं, समन्वय. पाचवा भिंतीला टेकून उभा होता. तो या खोलीत येईल अशीही मला खात्री नव्हती, आणि त्याच्यासाठी मी सबमिशनच्या आदल्या रात्री एक उत्तर लिहून व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. ते त्यानं वाचलं नव्हतं.

"तुझं काम काय?"

"सर, रीयूज."

एक्स्टर्नलनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

"खालच्या कॅनमधलं पाणी, सर. पहाटे संडासला लागायचं. टँकर साडेअकराला येतो." तो अगदी सरळ बोलत होता. "आधी मीच न्यायचो. नंतर विंगमधल्या पोरांना कळलं. मग नंबर लावले."

मी त्याच्याकडं बघितलं. माझी पंधरा पानं टेबलावर उघडी होती.

"पाणी कसं होतं?" एक्स्टर्नलनी विचारलं. आता ते पुढं झुकले होते.

"पहिल्या आठवड्यात वास यायचा, सर. नंतर कमी झाला. रविवारनंतर सोमवारी यायचा थोडा. तेलकट असायचं सोमवारचं. बुधवारपासून चांगलं."

"आणि रंग?"

"सुरुवातीला मातकट, मग वाळू धुऊन निघाल्यावर क्लिअर. पोरं म्हणायची फरक कळत नाही."

एक्स्टर्नल हे सगळं लिहून घेत होते. आमच्या पूर्ण प्रोजेक्टमध्ये शुद्ध झालेल्या पाण्याबद्दल सलग दीड महिना कुणी काही बघितलं असेल तर ते या माणसानं, रोज पहाटे, हातात टमरेल घेऊन. माझ्याकडं बाहेरच्या पाण्याचे बीओडीचे जे आकडे होते ते कॅनच्या तळाशी उरलेल्या पाच लिटरांचे होते, आणि ते कसे काढले होते हे वर आलंच आहे. "हे रिपोर्टमध्ये का नाही?" त्यांनी विचारलं. पाचवा म्हणाला, "मला लिहायला कुणी सांगितलं नाही, सर." हे खरं होतं. लीडर मी होतो.

निकालात टॉपरला सर्वांत जास्त मार्क पडले, त्याखाली पाचवा, मग सेंट्रिंग आणि कॅडवाला. मी पाच जणांत पाचवा आलो.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात, अखेरीअखेरीला, लातुरात धो धो पाऊस झाला आणि मांजरा धरणात पाणी आलं. मी तोवर पुण्यात एका कन्सल्टंटकडं लागलो होतो. मोठमोठ्या सोसायट्यांच्या सांडपाणी प्रकल्पांचं डिझाइन करतो. त्यातल्या बऱ्याच सोसायट्या टँकरवर चालतात. एक्सेलच्या पहिल्या रकान्यात मी फ्लॅटची संख्या टाकतो, दुसऱ्यात माणसं, तिसऱ्यात १३५.

दिवाळीच्या सुमारास कॉलेजातल्या एका ज्युनिअरचा फोन आला. त्यांच्या गटाला आमचाच विषय मिळाला होता.

"दादा, परिशिष्टात टँकरच्या वेळा आहेत. आता टँकर बंद झाले. तिथं काय लिहू?"

म्हटलं, परिशिष्ट काढून टाक.

"आणि पीक फॅक्टर?"

"तीन."

"बाष्पोत्सर्जनाचं चॅप्टर लय भारी आहे, दादा. आम्ही तसंच ठेवतोय. सॉफ्ट कॉपी मिळेल का?"

सॉफ्ट कॉपी कॅडवाल्याकडं होती. त्यानं ती त्याच रात्री पाठवली, ड्रॉइंगसकट. मालकाच्या घराचा लेयर अजून ऑफच होता.